चौथी मात्रा मोकळी ठेवा

पहाटे ५.३०

पावसाळ्यात जेंबे हा हातांनी वाजवायचा ढोल रात्रीतून उतरतो. बकऱ्याचं कातडं हवेतली ओल धरतं, सैल पडतं आणि काल खणखणीत बोलणारं वाद्य आज भद्द वाजतं. मी एकत्र ढोल वाजवण्याच्या कार्यशाळा घेते, त्यामुळे आषाढात माझा दिवस चहाच्या आधी वाद्यांच्या खोलीत सुरू होतो. खोलीत जेंबे, डुनुन नावाचे तीन मोठे आडवे ढोल, शेकर, घंटा, खंजिऱ्या, झांजा आणि पोतंभर घुंगरांचे पट्टे.

कातड्याचे जेंबे मी मोजकेच ठेवते आणि ते स्वतः आवळते. वरच्या कड्यापासून खालच्या कड्यापर्यंत उभ्या दोऱ्या ओवलेल्या असतात, त्यांच्यातून तळाशी एक आडवी दोरी फिरते. दोन उभ्या दोऱ्यांखालून ती घालायची, एकीवरून मागे घ्यायची, वाद्याला पाय लावून जोरात ओढायची. दोऱ्यांची फुली बसते तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो आणि पान, म्हणजे वरचं कातडं, किंचित चढतं. आणखी दोन-तीन फुल्या घातल्या की कडेवर बोटं मारून बघायची. घाई केली तर कातडं फाटतं. बाकीच्या सगळ्या जेंब्यांना पॉलिएस्टरचं पान आहे, त्याला ऊनपाऊस काही बाधत नाही. लॉस एंजेलिसच्या रेमो बेली यांनी १९५७ साली ड्रमसाठी असं पान बाजारात आणलं. ते नसतं तर पुण्याच्या पावसात एकाच वेळी चाळीस माणसांना वाजवायला बसवणं अशक्य होतं.

जेंबे हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे लोकांचं. गिनी आणि माली हे त्याचं घर. अख्खं खोड एका ओंडक्यातून कोरलेलं, वरून रुंद, कमरेत निमुळतं, खाली तोंड उघडं. तिकडच्या गावांत कापणीचा ताल वेगळा, लग्नाचा वेगळा, मुलं वयात येतानाच्या विधींचा वेगळा. वादक आणि नाचणारे यांचं तिथे एकमेकांवाचून चालत नाही. १९५८ साली गिनी स्वतंत्र झाला. फोदेबा केइता यांनी उभारलेला ‘ले बाले आफ्रिकेन’ हा नृत्यसंघ देशाचा झाला, जगभर फिरला आणि त्याच्याबरोबर जेंबे मोठ्या रंगमंचांवर पोचला. पुढे फामुदू कोनाते, मामादी केइता यांच्यासारख्या वादकांनी देशोदेशी शिष्य घडवले. मी प्रत्येक कार्यशाळेत दोन मिनिटं काढून हे सांगते. ज्यांचं वाद्य आपण मांडीत घेतो त्यांचं नाव घेणं ही किमान रीत आहे.

मांदे पद्धतीतली एक गोष्ट मात्र मी फक्त सांगत नाही, तिच्यावर माझं सगळं काम उभं आहे. तीन डुनुन असतात: डुनुनबा, सांगबान, केनकेनी. तिघांची ओळ वेगळी. साथीच्या जेंब्यांची वेगळी. एकट्या कुणाची ओळ ऐकली तर ती अगदी साधी, कधी अर्धवटच वाटते. सगळ्या एकत्र आल्या की त्यांच्या मधल्या फटींतून एक धून ऐकू येते, आणि ती त्यांतला कुणीही एकटा वाजवत नसतो.

सकाळी ७.००

टेम्पो दाराशी लागतो. चालवणारे काका वाद्यं उचलताना माझ्याइतकेच जपतात, जेंबे कधीही पानावर उभा करत नाहीत. माझा सहकारी ढोलपथकातला मुलगा आहे, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. तो यादी वाचतो, मी खुणा करते. आयटी कंपनीच्या दारात ही यादी फार महत्त्वाची असते. आत जाणारी प्रत्येक वस्तू ‘परत नेण्याचा माल’ म्हणून गेटपासवर लिहिली नाही, तर संध्याकाळी आपलीच वाद्यं बाहेर काढायला अर्धा तास वाद घालावा लागतो.

कर्वेनगर ते हिंजवडी. चांदणी चौकापर्यंत ठीक, वाकडच्या पुढे सगळं ठप्प. “ताई, चालत गेलो असतो तर पोचलो असतो,” काका म्हणतात. पावसाची सर येते, काका उतरून ताडपत्री पुन्हा ताणतात.

सकाळी ८.४५

सभागृह मिळालं आहे ते खालच्या मजल्यावरचं. ते मी आधीच मागून घेतलं होतं. वर बैठका चालू असताना मधल्या मजल्यावर चाळीस जेंबे वाजले की दहाव्या मिनिटाला कुणीतरी दार वाजवतं आणि त्यानंतर लोक हात आखडूनच वाजवतात.

सगळ्यात मोठं काम खुर्च्यांचं. हात असलेली खुर्ची इथे निरुपयोगी, कारण कोपर अडतं आणि गुडघ्यांत जेंबे धरता येत नाही. म्हणून उपाहारगृहातल्या साध्या खुर्च्या मागवते. त्या दोन वर्तुळांत मांडायच्या, एकात एक, आणि चार ठिकाणी वाट मोकळी ठेवायची, म्हणजे मला मधून कुणापर्यंतही पाच पावलांत जाता येतं. मोठे डुनुन मध्याजवळ ठेवायचे, म्हणजे त्यांचा घुमारा सगळ्यांना सारखा पोचतो. घंटा अशा ठिकाणी ठेवायची की ती वाजवणारा सर्वांना दिसेल. कडेच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसता येईल अशा चार-पाच खुर्च्या मी मुद्दाम ठेवते. काही माणसांना पाठीमागे कुणी नसलं की बरं वाटतं, आणि त्यांनी मोकळेपणाने वाजवावं असं वाटत असेल तर ती सोय करायलाच हवी.

मनुष्यबळ विभागातली मुलगी येते, चोवीस-पंचवीसची असेल. “मॅडम, आमचे विभागप्रमुख येणार आहेत. त्यांना पुढे मोठा ड्रम देऊ या का?”

“त्यांच्यासाठी शेकर ठेवलाय,” मी म्हणते.

ती जरा बावरते. मग मी तिला सांगते की वर्तुळाला पुढची रांग नसते, आणि शेकर हे हलकं वाद्य असलं तरी हलक्या दर्जाचं नाही.

सकाळी १०.००

एकेक जण येतो. मी दारात उभी राहत नाही, आत वाजवत असते. बोलावून आणलेल्या माणसाला भाषण नको असतं. सूचना फक्त तीन. हातातल्या अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवा, कारण अंगठी पानालाही लागते आणि बोटालाही. जेंबे जरा पुढे कलवा, कारण त्याचा खर्जाचा आवाज खालच्या तोंडातून बाहेर पडतो आणि तो जमिनीवर सपाट ठेवला की गळा दाबल्यासारखा होतो. तिसरी सूचना: हात दुखला तर थांबा. तळहात लाल होणं ठीक, झोंबणं ठीक नाही.

मग आवाज ओळखायचे. मध्यावर पूर्ण तळवा टाकला आणि लगेच उचलला की खर्ज. कडेवर चारही बोटं जुळवून टाकली की मोकळा सूर. तिसरा तीक्ष्ण फटका असतो, तो शिकायला महिने लागतात, इथे त्याच्या वाटेला जायचं नाही. दोन आवाज पुरतात. भीती मोडायला पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी वाट्टेल ते वाजवायचं, हवं तितक्या जोरात. या गदारोळातच मला कळतं की कुणाचा हात लयीत आहे, कोण शेजाऱ्याकडे चोरून बघतंय आणि कोण तोंडदेखलं बोटं आपटतंय.

त्यानंतर खरं काम. हिंजवडीतल्या सभागृहात मराठी, तमिळ, बंगाली, हिंदी, तेलुगू सगळ्या घरांतली मुलं-मुली असतात. ‘वडापाव’ मात्र सगळ्यांना येतं. अर्ध्या वर्तुळाने म्हणायचं: व-डा-पाव, आणि चौथी मात्रा मोकळी. व-डा-पाव, मोकळी. आधी तोंडाने, मग मांडीवर, मग जेंबेवर. उरलेल्या अर्ध्यांनी फक्त त्या मोकळ्या मात्रेत दोन भरभर थापा द्यायच्या: ‘च-हा’. शेकर चारही मात्रा चालू ठेवतात. डुनुन फक्त पहिली धरतो. घंटा आज एका प्रशिक्षणार्थी मुलीकडे आहे, सगळ्यांचं लक्ष तिच्या काडीकडे.

कागदावर हे सोपं दिसतं. खुर्चीवर बसून वाजवताना काय होतं ते मी सांगते. ‘वडापाव’वाल्यांना चौथी मात्रा मोकळी ठेवता येत नाही. हात आपोआप खाली येतो. तीन थापांनंतरची शांतता त्यांना आपलीच चूक वाटते आणि ते ती भरून टाकतात. ‘चहा’वाल्यांना वाट बघता येत नाही, ते आधीच येतात. मग एकमेकांवर कुरघोडी सुरू होते, आवाज वाढतो, आवाजाबरोबर लय पळायला लागते आणि मिनिटभरात सगळं विस्कटतं. हे सगळ्या गटांत घडतं. हुशार असोत, कष्टाळू असोत, एकमेकांचे जिवलग मित्र असोत.

अशा वेळी ‘हळू, हळू’ असं ओरडून उपयोग नसतो. मी दोन्ही तळवे खाली आणत इशारा करते: आवाज कमी. लयीबद्दल एक शब्दही नाही. आवाज अर्ध्यावर येतो, आणखी खाली, शेवटी नुसती बोटं पानावर पडत असतात. तेवढ्यात शेकर ऐकू यायला लागतात, मग घंटा, मग समोरच्यांची ‘चहा’. लय आपणहून जागेवर येते. ज्या मात्रेत आपण थांबलो तिथे समोरून कुणीतरी आलं, हे पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा लोक मान वर करतात आणि वर्तुळाच्या पलीकडे बघतात. एवढा वेळ सगळे स्वतःच्या हातांकडे बघत होते.

सगळ्यांनी मिळून एकच ताल वाजवणं सोपं असतं आणि त्याची झिंगही लवकर चढते. पण एकसारख्या वाजणाऱ्या चाळीस हातांत दहा हात थांबले तरी कुणाला कळत नाही. तिथे लपता येतं. आणि जो सगळ्यांत जोरात वाजवतो तोच सगळ्यांत चांगला वाजवतो असा समज होतो. ‘वडापाव’ आणि ‘चहा’ वेगळे केले की लपायला जागा उरत नाही. शिवाय एकमेकांची गरज असते हे सांगावं लागत नाही, ते ऐकूच येतं. ‘चहा’ नसेल तर ‘वडापाव’ लंगडा आहे. आपल्या तबल्यात ही समज केव्हाची आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेला ‘खाली’ येते, त्या खंडात डग्ग्याचा घुमारा थांबतो, आणि त्यावरूनच गाणाऱ्याला आपण कुठे आहोत ते उमगतं.

विभागप्रमुख पंचेचाळिशीचे आहेत, शेकर घेऊन बसले आहेत. त्यांचा शेकर पुढे पळतो. त्यांच्या समोर घंटा धरून बसलेली मुलगी नुकती कॉलेजातून आलेली. पाच-सहा आवर्तनं त्यांचं तिच्याकडे लक्ष नाही. मग ते तिच्या हाताकडे बघायला लागतात, ओठ हलवत मोजायला लागतात आणि तिच्या मागे येतात. मुलीच्या खांद्यांतला ताण मला इथून दिसतो. ती एकदाही थांबली नाही आणि लयही तिने सोडली नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाला आठ मात्रा मिळतात. त्यात काय वाजवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. बाकीचे तेवढा वेळ फक्त शेकर आणि घंटेवर. ज्याला वाजवायचं नसेल त्याने हात वर करून पुढच्याकडे वळायचं. ही मुभा मी नेहमी देते आणि ती मनापासून देते. व्यक्त व्हा असा हुकूम सोडता येत नाही. एक जण पहिल्या फेरीत हात वर करून सोडून देतो. दुसऱ्या फेरीत तो सात मात्रा गप्प बसतो आणि आठवीवर एक खर्ज टाकतो, नेमका समेच्या आधी. तिथे मी टाळ्या वाजवू देत नाही, हाताच्या इशाऱ्याने लगेच पुढच्याला बोलावते. टाळ्या वाजल्या असत्या तर त्याच्या लाजण्याकडे बोट दाखवल्यासारखं झालं असतं. त्याची एक थाप आणि शेजारच्या मुलाच्या बत्तीस थापा, दोन्हींना मी सारखेच आठ मात्रांचे मानते.

एका बाईंनी आठ मात्रांत पंढरीच्या वाटेवरच्या टाळांची चाल वाजवली. शेजारून त्यांना तोच ठेका कुणीतरी परत दिला. दिवसभरात एवढं पुरतं.

सकाळी ११.४५

लोक पाणी पितायत, तळहात एकमेकांना दाखवतायत. मनुष्यबळ विभागातली मुलगी विचारते, “मॅडम, याचा उपयोग होतो याला काही पुरावा आहे का? अहवालात लिहायला हवं.”

प्रश्न रास्त आहे. मी तिला दोन गोष्टी सांगते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली छापलेल्या अभ्यासात ढोल वाजवणं, गाणं, नाचणं यांनंतर माणसांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली दिसली, आणि नुसतं संगीत ऐकणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. शरीरात एंडॉर्फिन स्रवत असावं, अशी त्यांची मांडणी आहे. दुसरं, जर्मनीतल्या लायप्झिगच्या संशोधकांनी २०१० साली चार वर्षांच्या मुलांवर काम केलं. एकत्र गाऊन-वाजवून खेळलेल्या मुलांनी नंतर एकमेकांना जास्त मदत केली.

आणि तिसरी गोष्टही सांगते, कारण ती न सांगणं हा फसवेपणा ठरेल: दीड तास जेंबे वाजवला की वर्षभराची भांडणं मिटतात, असं यातल्या कुठल्याही अभ्यासात म्हटलेलं नाही. माणसं रात्री दहापर्यंत कामावर बसत असतील, रजा मिळत नसेल, तर त्यावर ढोल हा उपाय नव्हे. रजा देणं हा उपाय आहे. ती हसत नाही, वहीत लिहून घेते. मला ती मुलगी आवडते.

दुपारी १.००

बाणेरला जेवण. काका पोळीभाजीचा डबा आणतात, आम्ही दोघं थाळी घेतो. सहकारी विचारतो की हे वर्तुळाचं खूळ निघालं कुठून?

आफ्रिकेतून थेट नाही, मी त्याला सांगते. बाबातुंडे ओलातुंजी हे नायजेरियाचे, शिकायला अमेरिकेत गेले, आणि १९६० साली त्यांची ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ ही तबकडी निघाली. अमेरिकेत ज्यांनी कधी हातांनी ढोल वाजवला नव्हता अशा कितीतरी लोकांना तिने वाजवायला लावलं. पुढे कॅलिफोर्नियात आर्थर हल यांनी न शिकलेल्या माणसांचं वर्तुळ कसं चालवायचं याची पद्धत बसवली. मी आज हातांनी केलेले निम्मे इशारे तिथूनच आलेले आहेत. ‘ग्रेटफुल डेड’चे ड्रमर मिकी हार्ट यांनी १९९१ साली अमेरिकी सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीपुढे जाऊन म्हाताऱ्या माणसांसाठी ढोल किती मोलाचा आहे ते मांडलं. याच हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये ओलातुंजी होते, मद्रासचे घटम् वादक विक्कू विनायकराम होते आणि आपले माहीमचे झाकीर हुसेनही. जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी त्या तबकडीला मिळालं.

“म्हणजे झाकीरभाईंनी ओलातुंजींबरोबर वाजवलंय?” तो घास हातात धरून थांबतो. घरी गेल्यावर ऐक, मी म्हणते, आणि हेडफोन लावून ऐक.

दुपारी २.३०

कर्णबधिर मुलांची शाळा. इथे मी पैसे घेत नाही, आणि घाईत कधी येत नाही.

पहिल्या भेटीच्या आधीच बाईंकडून एक गोष्ट समजून घेतली होती: कुणाला श्रवणयंत्र आहे, कुणाला कॉक्लिअर इम्प्लांट आणि कुणाला काहीच नाही. मोठ्या थापेने यंत्र लावलेल्या मुलाला त्रास होऊ शकतो. त्यामुळे इथे आवाज मोठा करून मुलांपर्यंत पोचायचं नसतं. पोचायचं ते लाकडातून आणि हवेच्या थरथरीतून.

शाळेत एक जुना लाकडी मंच आहे, खालून पोकळ. मुलं चपला काढून त्यावर बसतात. मी सगळ्यात मोठा डुनुन मंचावर आडवा ठेवते आणि एकच संथ ठोका धरते. थरथर पावलांत येते, मांड्यांत येते. ज्यांना जास्त हवं ते खोडावर तळवा ठेवतात. काहींच्या हातात फुगलेला फुगा असतो. फुगा दोन्ही तळव्यांत हलका धरला की ठोक्यागणिक त्याची कातडी कापते, आणि लहान आवाजांसाठी तो मंचापेक्षाही चांगला. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादिका लहानपणीच जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या आणि जगभरच्या वाद्यवृंदांबरोबर अनवाणी उभ्या राहून वाजवतात. त्यांच्या वादनाची चित्रफीत मी या मुलांना दाखवली होती. त्या दिवसापासून चपला काढा असं इथे सांगावं लागत नाही.

सकाळचाच ‘वडापाव’ इथेही असतो, फक्त शब्दांऐवजी हातांनी. तीन बोटं एकामागून एक आणि चौथ्याला बंद मूठ. मोठ्या माणसांना सकाळी ज्या मात्रेने घाम फोडला ती ही मुलं पहिल्याच आवर्तनात मोकळी सोडतात. याचं कारण मला असं वाटतं की ही मुलं दिवसभर समोरच्याचा चेहरा आणि हात बघत जगतात. समोरच्याची वेळ कधी आली ते नजरेने टिपण्याची त्यांना सवय आहे.

सातवीतली एक मुलगी मला खुणेने थांबवते. तिला पुढे यायचंय. ती माझ्या जागी उभी राहते आणि दोन्ही हात वर करते, म्हणजे सगळ्यांनी थांबा. मग एका कोपऱ्याकडे बोट, तो कोपरा सुरू. दुसऱ्याकडे बोट, तो सुरू. पहिला बंद. सगळे सुरू. मंच पायाखाली थरथरतोय आणि ती तिच्या मनाने आवाज कमीजास्त करतेय, आणि ते तिला पावलांतून कळतंय. मी खाली बसते आणि मला जे सांगितलं ते वाजवते. शेवटी ती सगळ्यांना थांबवते आणि फक्त बाईंना वाजवायला लावते. बाई लाजतात, वाजवतात. पोरं खूश.

संध्याकाळी ५.००

घरी. वाद्यं पुसून ठेवणं, बिल लावणं, उद्याच्या टेम्पोची वेळ ठरवणं. कानांना अर्धा तास पूर्ण विश्रांती. मी कार्यशाळेत सिलिकॉनचे बोळे घालते, येणाऱ्यांसाठीही ठेवते. या धंद्यात कान गेले तर काहीच उरत नाही.

संध्याकाळी ७.००

नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव. गणपतीला अजून अवकाश आहे, पण आषाढातच मांडव उभे राहतात आणि काठभर ताशे कडकडायला लागतात. पुण्यातली पथकं ज्ञान प्रबोधिनी, विमलाबाई गरवारे, नूतन मराठी, रमणबाग अशा शाळांतून वाढली. शिस्त, रांगा, ढोलामागे उभं राहणं, सगळं तिथून आलं. मी शाळेत असताना ताशा घेतला आणि अजून सोडलेला नाही.

इथे सगळे ढोल एकच ठेका वाजवतात. सकाळी मी जे एवढं सांगितलं त्याच्या उलटच, असं कुणालाही वाटेल. पण ढोल कमरेला बांधून बघा. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला थापी, आणि दोन्ही हातांचं काम वेगळं. त्यावर ताशाची तर्री, तिच्यात ढोलाला जागा ठेवणारे थांबे. टोल त्या थांब्यांवर पडतो. ताशावाल्याने तर्री अखंड ओढली तर रांगेतल्या शेवटच्या ढोलवाल्याला ठेका बदलल्याचं कळणारच नाही. चांगल्या पथकात हे सगळं असतं. वाईट पथकात नुसता आवाज असतो, आणि त्या आवाजाचा त्रास काठावर राहणाऱ्यांना होतो ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. आमचा सराव ठरलेल्या वेळेला संपतो, यासाठी मी दरवर्षी बैठकीत भांडते.

नव्या मुलांचा गट माझ्याकडे आहे. त्यांच्यात कॉलेजची मुलं आहेत, एक बँकेतला अधिकारी आहे, दोन गृहिणी आहेत. आज मी त्यांचे ढोल काढून ठेवायला लावले आणि ताशाचा ठेका नुसता टाळ्यांवर घ्यायला सांगितला, थांब्यांसकट. थांब्यावर ज्याची टाळी वाजेल त्याने पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं गेली. मग ढोल बांधले. अधिकारी म्हणाले, “ताई, ढोल हलका लागतोय आज.” ढोल तोच होता. नको तिथल्या थापा कमी झाल्या होत्या, दंडाला तेवढाच आराम.

रात्री ९.४५

एका कंपनीची मेल आली आहे. दीडशे माणसं, पाऊण तास, सहा संघ, संघांत स्पर्धा, विजेत्याला करंडक आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण, वार्षिक सभेत दाखवायला. वरिष्ठ मंडळी सोफ्यावर बसून बघतील, असंही लिहिलंय.

उत्तर लिहिते. दीडशे एकदम नकोत. पन्नास-पन्नासच्या तीन तुकड्या करा, प्रत्येकीला दीड तास द्या, एका दिवसात होतं. स्पर्धा घेता येणार नाही, कारण हरायची भीती आली की कुणी थांबत नाही, सगळे जोरात वाजवतात, आणि मग मी जे शिकवायला येते तेच घडत नाही. चित्रीकरण शेवटची दहा मिनिटं, तेही आधी सगळ्यांना विचारून. ज्याला दिसायचं नसेल तो कॅमेऱ्याच्या पाठीकडे बसेल. सोफा नको. वरिष्ठांसाठी वर्तुळात जागा आणि वाद्य ठेवते, येणार असतील तर सुरुवातीपासून यावं, मध्येच येऊन मध्येच जाऊ नये. कुणाला ऐकण्याचा त्रास असेल, अपस्मार असेल, हाताचं दुखणं असेल, कुणी गरोदर असेल तर आधी कळवा, बसण्याची जागा आणि वाद्य त्याप्रमाणे ठरवते. सभागृह खालच्या मजल्यावरचं हवं.

एवढं जमणार असेल तर तारीख कळवा. श्रावणातले दोन गुरुवार अजून मोकळे आहेत.